काकू महिन्याला तीनशे रुपये देतील का?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचं हे पत्र. मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, वडील एसटीत कंडक्टर, शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलेलं. कॉलेजजवळच्या मेसमध्ये खाड्यांवरून होणारी रोजची वादावादी बघून त्याने आणि दोन मित्रांनी एक अॅप बनवलं. जेवायला येणार नसेल त्या दिवशी मुलाने अॅपवर खाडा टाकायचा, महिनाअखेरीला हिशेब आपोआप तयार. आज १४ मेस आणि साडेतीनशेच्या आसपास मुलं ते फुकट वापरतात. कॉलेजच्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. तिथे भेटलेले एक गृहस्थ १० टक्के हिश्श्याच्या बदल्यात 'मेंटर' व्हायला तयार आहेत. नुकतेच निवृत्त झालेले मामा फंडातले सहा लाख देतो म्हणतात. 'कोणीतरी आमची आयडिया उचलायच्या आत' कंपनी नोंदवून पूर्णवेळ उतरावं, सहाव्या सेमिस्टरला प्रवेशच घेऊ नये, असं त्याच्या मनात आहे. हे कळल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नाहीत. तो विचारतो, 'कॉलेज सोडू, की वडिलांसाठी स्वप्न सोडू?'

तुझ्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत. मेस किती, मुलं किती, मामा किती देणार, सगळं आहे. आजवर या अॅपसाठी तुम्हाला कोणी किती पैसे दिले, हा आकडा मात्र सापडला नाही. म्हणजे तो शून्य असणार. त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी चालणारं अॅप बनवून १४ ठिकाणी लावलं, हे थोडं नव्हे. पण कॉलेज, मामांचा फंड, कंपनी या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या शून्याचं पुढे काय होतं यावर ठरतील, म्हणून आधी तिकडेच वळू.

तू लिहितोस, 'मेसवाल्या काकूंना अॅप खूप आवडलं.' फुकट आहे तोवर आवडणारच. पण जरा काकूंच्या बाजूने बघ. महिन्याचे तीन हजार घेऊन त्या दोन वेळ जेवू घालतात. मुलगा सांगून गावाला गेला की तेवढ्या दिवसांचे पैसे वजा. वही होती तेव्हा निम्मे खाडे सांगायचेच राहून जायचे, उरलेले 'तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर धरत नाही' या नियमात गडप व्हायचे. तुम्ही मुलांच्या हातात बटण दिलंत आणि एकूण एक खाडा बिनचूक नोंदला जाऊ लागला. मुलांचा फायदा झाला, तो काकूंच्या गल्ल्यातून. आणि उद्या अॅपचे पैसे तुम्ही मागणार काकूंकडेच!

मग मुलांकडून घ्यावेत? साडेतीनशे जणांपैकी किती जण महिन्याला २० रुपये काढतील? तू स्वतः काढशील का, हे आधी सांग.

याचा अर्थ काम फुकट गेलं असा नाही. काकूंची डोकेदुखी निराळी आहे, एवढंच. संध्याकाळी पाचला परातीत कणीक घेताना आज ६० जण येणार की ८०, हे त्यांना ठाऊक नसतं. मॅच असली, पाऊस लागला, कोणाचा वाढदिवस निघाला की २० जण गायब आणि पोळ्यांची चळत तशीच. रविवारी फीस्ट असली की उलट, प्रत्येकाचा एक पाहुणा. दुसरं दुखणं उधारीचं. सेमिस्टर संपलं की थकलेले दीड-दोन हजार तसेच ठेवून मुलं रूम सोडतात, नंतर फोन उचलत नाहीत. दुपारी चारच्या आत 'आज रात्री ६४' एवढा एक आकडा काकूंच्या फोनवर आला, आणि दर पाच तारखेला थकबाकीदारांना परस्पर आठवण जाऊ लागली, तर त्याचे पैसे त्या मोजतील असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर विसंबू नकोस. एका मेसमध्ये आठवडाभर दुपारी तीनपासून रात्री मेस बंद होईपर्यंत बस, ताटं उचलू लाग, काकू वहीत काय लिहितात आणि काय खोडतात ते बघ. त्या आठवड्यात अॅपविषयी चकार शब्द काढू नकोस.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या बंगळुरूच्या रेडबसचं असंच झालं होतं. २००६ मध्ये ती सुरू करणाऱ्या तिघांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर देऊ केलं. मालकांना त्यात रस नव्हता, त्यांना रिकाम्या सीटा भरून हव्या होत्या. तेव्हा यांनी काही सीटा आपल्याकडे मागून घेतल्या आणि तिकिटं विकायला सुरुवात केली. पुढे २०१३ मध्ये इबिबो समूहाने ती कंपनी घेतली. हे तिघेही इंजिनिअरिंग पूर्ण करून नोकरीत होते, हे जाता जाता ध्यानात ठेव.

तेव्हा पहिलं काम हे. १४ पैकी पाच मेसमध्ये जा आणि सांग, पुढच्या एक तारखेपासून महिन्याला ३०० रुपये. 'पैसे लावले तर द्याल का?' असं विचारू नकोस, त्याला सगळ्याच हो म्हणतील. पोराच्या तोंडावर कोण नाही म्हणणार? थेट क्यूआर कोड पुढे कर. तिघींनी भरले तर तुझ्या हाताशी काहीतरी आहे. एकीनेही भरले नाहीत तर का नाही ते ऐकून घे, वाद घालू नकोस. त्या पाच नकारांतून जे कळेल ते स्पर्धेच्या परीक्षकांना माहीत नव्हतं. (या स्पर्धांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. परीक्षक तासाभरात डझनभर सादरीकरणं बघतात आणि बहुतेक वेळा जो नीट बोलतो त्याला बक्षीस मिळतं. बक्षिसाचे पैसे मात्र जपून ठेव, सर्व्हरला उपयोगी पडतील.)

आता थोडा हिशेब. १४ जणींनी भरले असं धरलं तरी महिन्याचे ४,२०० रुपये. तिघांत वाटले की १,४००, म्हणजे तुझ्या स्वतःच्या मेसचं अर्धं बिलही निघत नाही. प्रत्येकाला घरी २० हजार न्यायचे तर ६० हजार लागतील. २०० मेस, तेही सर्व्हर आणि पेट्रोल न धरता, आणि त्यातल्या काही दर वर्षी बंद पडणार हे सोडून. दोनशे होणारच नाहीत असं मी म्हणत नाही. पण हे काम एका सेमिस्टरचं नव्हे, दोन-तीन वर्षांचं आहे. मग एक सेमिस्टर बुडवून नक्की काय हाती लागेल?

कॉलेज सोडून मोठे झालेल्यांची नावं तू दिली आहेस. त्यातल्या दोघांचं बघू. बिल गेट्स १९७५ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडले ते रजा घेऊन, परतीची वाट बंद न करता. ओयोच्या रितेश अग्रवालना २०१३ मध्ये थील फेलोशिप मिळाली. कॉलेजबाहेर राहून काम करायचे एक लाख डॉलर, आणि त्याआधीच त्यांचा खोल्यांचा धंदा सुरू होता. तुझ्याकडे अजून ना रजेचा कागद आहे ना गिऱ्हाईक. आणि वय निघून चाललंय ही घाई तर मुळीच करू नकोस. अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक म्हणाव्या अशा नव्या कंपन्या तपासल्या, तेव्हा संस्थापकांचं कंपनी सुरू करतानाचं सरासरी वय ४५ निघालं. मुंबईच्या आयआयटीतल्या मुलांनी २००७ मध्ये सुरू केलेली ड्रोनवाली आयडियाफोर्ज शेअर बाजारात आली २०२३ मध्ये.

कोणी कल्पना उचलेल म्हणतोस, तर खाडा नोंदवायचं अॅप दुसरा कोणीही महिन्याभरात बनवेल, हे धरूनच चाल. त्याला १४ काकूंची नावं, त्यांच्या जेवणाच्या वेळा आणि कोणाकडे किती थकलंय हे कुठून कळणार? खरं सांगायचं तर तुझी स्पर्धा आज दुसऱ्या अॅपशी नाहीच. ती आहे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपशी आणि खिळ्याला टांगलेल्या वहीशी, आणि दोन्ही फुकट आहेत.

'सोडू की राहू' यांच्यामधला एक रस्ता तुझ्या कॉलेजच्या कार्यालयात बहुधा धूळ खात पडला असेल. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणलं. त्यानुसार कॉलेजला अशा विद्यार्थ्याला सेमिस्टरची किंवा वर्षाची रजा देता येते, मिनी किंवा मेजर प्रोजेक्टऐवजी स्वतःच्या स्टार्टअपचं काम धरता येतं, हजेरी कमी पडली तरी परवानगीने परीक्षेला बसवता येतं. हे सक्तीचं नाही. कॉलेजने ते स्वीकारलेलं हवं आणि विद्यापीठाच्या नियमांत बसायला हवं. कॉलेजात इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल, म्हणजे नवोपक्रमांसाठीचं मंडळ असेल, बऱ्याच ठिकाणी नुसती फलकावर असते, तरी तिथल्या समन्वयक सरांना गाठ आणि लेखी अर्ज दे. माझ्या मते तुला आज रजाही नको. शेवटच्या वर्षाचा मेजर प्रोजेक्ट हाच करा. जे काम रात्री जागून करताय त्याचे गुण मिळतील आणि एक जादाचं ओझं टळेल.

बँकेचं मात्र आधी विचारून घे. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर काही काळाने सुरू होते. अभ्यासक्रम मध्येच सोडला तर हप्ता कधी लागतो, हे तुझ्या कर्जाच्या कागदात लिहिलेलं असेल. शिष्यवृत्ती असेल तर खंड पडल्यावर ती पुढे चालते का, तेही बघ. हप्ता लागला तर तो वडिलांच्या पगारातून जाणार आहे.

मामांच्या सहा लाखांवर मी स्पष्ट बोलतो, आत्ता घेऊ नकोस. पैसे कमी पडतायत म्हणून तुमचं काही अडलंय असं पत्रात कुठेच दिसत नाही. सहा लाख आले की तू ऑफिस घेशील, दोन इंटर्न ठेवशील, फेसबुकवर जाहिराती देशील आणि काकू पैसे देतात की नाही हा प्रश्न आणखी सहा महिने पुढे ढकलला जाईल. टायनीआउल आठवते का? तू तेव्हा शाळेत असशील. २०१४ मध्ये मुंबईत आयआयटीच्या मुलांनी सुरू केलेली, घरपोच जेवण मागवायची कंपनी. गुंतवणूक भराभर आली, शहरं भराभर वाढवली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कर्मचारी कमी करायची वेळ आली तेव्हा इथे पुण्याच्या ऑफिसात लोकांनी देणी मिळेपर्यंत एका सहसंस्थापकाला बाहेर पडू दिलं नाही. २०१६ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्यांच्याकडे पैसा होता, हुशारीही होती, आणि ज्यांचे पैसे अडकले होते ते गुंतवणूकदार नफातोटा जाणणारे होते. तुझे मामा तसे नाहीत. निवृत्त माणसाचा फंड बुडाला तर तो पुन्हा उभा राहत नाही, आणि आईला माहेरी जाताना प्रत्येक वेळी त्याची आठवण होईल.

पुढे कधी घ्यायचेच झाले तर रक्कम छोटी असू दे, मामींसमोर बोलून घे आणि लिहून दे. एक बारकावा सांगतो. आयकराच्या कायद्यात मामा नातेवाइकांत मोडतात, त्यामुळे त्यांनी तुला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही. कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत मात्र मामा नाहीत, म्हणून कंपनीने त्यांच्याकडून उसने घेतले तर ते पैसे 'ठेव' धरले जाऊन ठेवींच्या नियमांचा गुंता होऊ शकतो. सीएला विचारल्याशिवाय मामांचे पैसे कंपनीच्या खात्यात टाकू नका.

कंपनी इतक्यात नोंदवायची तरी कशाला? प्रायव्हेट लिमिटेड केली की उलाढाल शून्य असली तरी दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे, विवरणपत्रं भरायची. वार्षिक विवरणपत्रांना उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार. ही रक्कम बघून तोंडचं पाणी पळालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. कंपनी बंद पडून दोन वर्षं झालेली, पण कागदावर ती जिवंत. शिवाय घड्याळही सुरू होतं. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थांमार्फत नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय केली, पण अट अशी होती की अर्ज करताना कंपनीला दोन वर्षांहून जास्त झालेली नसावीत. पुढच्या एखाद्या योजनेतही अशीच अट असली तर? हौसेने आज नोंदवशील, परीक्षांत दीड वर्ष जाईल आणि अर्ज करायची वेळ येईल तेव्हा मुदत सरत आलेली असेल. पैसे देणाऱ्या ३०-४० मेस झाल्या की नोंदणीचा विचार कर. तोवर तिघांमधला करार साध्या स्टॅम्पपेपरवर असला तरी पुरे.

तो करार मात्र याच महिन्यात करा. पत्रात तू एका वाक्यात लिहून मोकळा झालास, 'तिघांचा समान हिस्सा, आम्ही जिगरी आहोत.' पण त्याच पत्रावरून दिसतं की कोड एकटा एक जण लिहितो, मेसमध्ये तू फिरतोस आणि तिसरा स्पर्धेचं सादरीकरण करतो. कोड लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी कॅम्पसमधून चांगली नोकरी लागली आणि तो गेला तर? कोड कोणाचा? त्याचे ३३ टक्के त्याच्याकडेच राहणार का? यावर जी पद्धत रूढ आहे ती अशी की हिस्सा एकदम मिळत नाही, चार वर्षं काम करत हळूहळू मिळतो, आणि पहिल्या वर्षाच्या आत गेलेल्याला काही नाही. समान ठेवायचा असेल तरी ठेवा, पण हा नियम तिघांना लावा. कोड, नाव आणि मेसचा डेटा उपक्रमाचा राहील, हेही लिहा. सादरीकरणवाल्या मित्राला सांग की पाचपैकी दोन काकूंकडे पैसे मागायला त्याने जायचं. गेला नाही तर हिश्श्याची चर्चा आपोआप सोपी होईल.

मेंटर साहेबांना नम्रपणे नाही म्हण. जो खरोखर मदत करतो तो पहिल्याच भेटीत १० टक्के मागत नाही. फार आग्रह धरलाच तर म्हण, आधी दहा मेस मिळवून द्या, मग बोलू.

राहिले वडील. तू त्यांच्यापुढे विषय काढलास तो 'कॉलेज सोडतोय' या वाक्याने. ज्याने कर्जावर सही केली आहे त्याने त्यावर काय म्हणायचं? अॅप काय आहे, ते कशासाठी, हे त्यांनी ऐकलंय असं पत्रावरून वाटत नाही. आणि अरे, तुझ्या घरात हिशेबाचा पक्का माणूस तेच तर आहेत. ड्युटी संपल्यावर तिकिटं आणि रोकड यांचा मेळ घालून डेपोत भरणा केल्याशिवाय कंडक्टर घरी येत नाही. कमी पडलं तर स्वतःच्या खिशातून. एक तारखेला ज्या काकू पैसे देतील त्यांची यादी, आलेले रुपये, झालेला खर्च एका वहीत लिही आणि पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा ती वही त्यांच्यासमोर ठेव. सहाव्या सेमिस्टरची फी भरल्याची पावतीही त्याच वहीत असू दे. शेवटच्या वर्षाच्या अखेरीस तुमच्याकडे पैसे देणाऱ्या पन्नासेक मेस असतील तर नोकरी न घेता एक वर्ष यातच काढायची परवानगी माग. ती मागणी त्यांना समजेल. आणि नसतील इतक्या, तर कॅम्पसला बस. मुलाखतीत सांगायला तुझ्याकडे इतरांपेक्षा बरंच काही असेल.

एक गोष्ट तुमच्या हिशेबात धरलेली दिसत नाही. कॉलेजांच्या भागातल्या मेस मे-जूनमध्ये ओस पडतात, दिवाळीतही निम्म्या बंद असतात. म्हणजे ३०० रुपये वर्षातून बारा वेळा मिळणार नाहीत, फार तर नऊ-दहा वेळा. सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागात मात्र एमपीएससी-यूपीएससीची मुलं असतात. अभ्यासिकेतून उठायचं आणि मेसवर जायचं, परीक्षा तोंडावर असली तर दिवाळीलाही गावी जात नाहीत. तिथल्या मेसचा खप वर्षभर चालतो, आणि वर्षानुवर्षं तयारी करणारी मुलं असल्याने उधारीचं दुखणंही तिथे जुनं असणार. तुझ्या १४ पैकी पेठांमधल्या किती, ते तू लिहिलेलं नाहीस. एकही नसेल तर येत्या रविवारी जा. सकाळी दहाच्या आत पोच. जेवणाची गर्दी सुरू झाली की तिथे कोणाला बोलायला सवड नसते.